दाजींची उडी

आमचे दाजी पडायचं काम करतात. म्हणजे सिनेमात हिरो पडतो ना, तेव्हा खरे आपटतात ते दाजी. आणि त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली वायर ओढतो मी, त्यांचा मेहुणा. ताई म्हणते, "नवरा माझा, पण टांगलेला तुझ्या हातात."

दाजी तरणेबांड होते तेव्हा एका गेमवाल्या कंपनीने त्यांना बोलावलं होतं. काळा घट्ट सूट, त्यावर अंगभर चिकटवलेले पांढरे गोळे. "ढोल्या, कांजिण्या आल्यासारखं दिसतंय रे," दाजी मला म्हणाले, आणि भिंतीवरून झेपावले. वायर तेव्हाही माझ्याच हातात. हवेत गिरकी, आणि मांजरासारखे खाली. कॅमेऱ्यांनी चेहरा सोडून अंगाची सगळी हालचाल टिपली आणि ती गेममधल्या हिरोला दिली. त्याच उडीवर तो गेम जगभर चालला.

आता त्या गेमचा सिनेमा निघालाय. गेमवाले आणि सिनेमावाले एका टेबलाला बसले आणि ठरवलं, उडी गेममधल्यासारखीच पाहिजे, पोरं लगेच ओळखतात. फाइट मास्टरने दाजींना आत घेतलं. "ही जमली तर पुढच्या भागांतही तुम्हीच." बरेच दिवस झाले, दाजींना कुणी साधं जिन्यावरूनही पाडलं नव्हतं. ताईने सकाळी त्यांच्या गुडघ्याला स्वतः पट्टी गुंडाळली.

पहिल्या उडीला गुडघा मुडपला. डायरेक्टर पोरगा भला, धावत आला, टॅबवर गेम लावला. "काका, हे बघा. गिरकी अशी."

दाजींना हसू आलं. "अहो, हा मीच आहे."

"काय सांगता! मग झालंच की. तसंच करा."

परत चढताना दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "ढोल्या, जरा जोर लाव."

लावला. हात सोलून निघाले. पण वायर माणसाला उचलते, गिरकी त्याची त्यालाच घ्यावी लागते. दाजी अर्धेच फिरले आणि पोत्यासारखे गादीवर आले.

"एकदा अजून. गुडघा गरम झाला की होईल."

तेवढ्यात गेम कंपनीची बाई पुढे आली. बोलायला एकदम गोड. "काकांना कशाला त्रास? मूळ उडी आहे ना आमच्याकडे. तिच्यावरच हिरोचा चेहरा बसवू."

"आणि माझं काम?"

"तुमचंच तर आहे, काका. उडी तुमचीच."

आता यावर भांडायचं तरी काय? मी फाइट मास्टरकडे बघितलं. तो गादीची चेन लावत बसला. मी दाजींचा पट्टा सोडला.

ताईचा फोन आला. "झाली का रे उडी?"

दाजींनी मान हलवली. हो म्हण.

"झाली."

"नीट उतरले ना?"

समोरच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी ती जुनी उडी लावून ठेवली होती. माणूस झेपावायचा, गिरकी घ्यायचा, अलगद उतरायचा, आणि पुन्हा वर भिंतीवर. कमरेची वायर पुसून टाकलेली. दाजी गुडघा चोळत बघत होते.

"हो ताई," मी म्हटलं, "एकदम नीट."