एकाच माइकची डबी

मी एक जुना ऑडिओ इंटरफेस आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. पिरनवाडीच्या ज्या घरात मी राहतो, तिथं मला या नावानं कुणी ओळखतही नाही; तिथं मी नुसती 'डबी' आहे. माइकमध्ये शिरलेला आवाज नीट कॉम्प्युटरपर्यंत पोहोचवायचा आणि कॉम्प्युटरमधला आवाज हेडफोनमध्ये आणून सोडायचा, एवढंच माझं काम. आवाज माझ्यात थांबत नाही. एका वायरीनं येतो, दुसरीनं जातो. ही साधी गोष्ट त्या घरानं वेळीच ध्यानात घेतली असती, तर माझे इतके हाल झाले नसते.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. बेळगावच्या वाद्यांच्या दुकानात मात्र मी बरेच दिवस काचेआड बसून होतो. शेजारी माझी मोठी भावंडं होती. कुणाला दोन माइकच्या जागा, कुणाला आठ. गिऱ्हाईक त्यांना हातात घेऊन बघायचं आणि मला बाजूला सरकवायचं. मला फार राग यायचा. मी लहान होतो, पण माझ्या कामात खोट नव्हती.

एके दिवशी सौम्या आणि तिचा नवरा रविराज दुकानात आले. रविराजच्या आईच्या, मनुबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहील, अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. मनुबाईंना भातलावणीची कितीतरी गाणी तोंडपाठ होती, आणि ती ऑपरेशनच्या आधी धरून ठेवायची होती. मोबाइलवर प्रयत्न करून झाला होता. त्यात मनुबाईंपेक्षा पंखाच जास्त गात होता.

दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, "स्वस्तातली घ्या, पण दोन गोष्टी बघून घ्या. आवाज वाढवला की मागं सूंसूं व्हायला नको, आन् गाणाऱ्याला आपलाच आवाज कानात उशिरा यायला नको. ही बारकी दोन्हीत पास हाय. पण जमलं तर दोन माइकची न्या. फुडं उपयोगी पडती."

"दोन कशाला?" रविराज म्हणाला. "आई एकटीच तर गाणार हाय."

सौम्या जरा घुटमळली. पण ऑपरेशनचा खर्च डोळ्यांसमोर होता, आणि मला त्यांनी पिशवीत घातलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी चांगलाच फुशारलो होतो.

घरी मागच्या खोलीत खिडकीवर वाकळा टांगल्या, पंखा बंद केला, दार लावून घेतलं. आत जीव घुसमटत होता.

"शेतात वाकून गाणारी बाई मी," मनुबाई म्हणाल्या. "हितं कोंडल्यागत हुतंय गं."

"थोडा येळ आत्ती," सौम्या म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणायची.

मनुबाईंनी पदर सावरला आणि गायल्या:

*भरल्या चिखलात गं, कोण चालली फुडं?*

माझा दिवा हिरवा झाला. आवाज नीट आला की तो हिरवा होतो. त्या आवाजाला थोडी धार होती, थोडी खरखर, आणि मला तो फार आवडला. मग मनुबाई गप्प झाल्या. ओळभर गप्प. मग पुढची ओळ, आणि पुन्हा गप्प. दिवा लागत होता, विझत होता. सौम्याला वाटलं, दम लागतोय. संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर त्या सगळ्या रिकाम्या जागा कापल्या, ओळीला ओळ जोडली आणि मोठ्या हौसेनं सासूला ऐकवली.

मनुबाईंनी हेडफोन काढून खाली ठेवला. "माझं गाणं का गं तोडलीस?"

"तोडलं न्हाय आत्ती. मधी मधी तुम्ही गप बसला हुता, तेवढंच काढलं."

"गप कुठं बसले? तिथं नागू हाय."

नागू म्हणजे नागुबाई, मनुबाईंची धाकटी जाऊ, भिंतीपलीकडच्या घरात राहणारी. चिखलात रोप लावताना एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती उचलायची, अशी दोघींची सगळी गाणी. पण रविराजच्या लग्नात मानाच्या लुगड्यावरून बिनसलं आणि दोघींचं बोलणं तुटलं. म्हणूनच सौम्यानं त्यांना एकत्र गाताना कधी ऐकलंच नव्हतं.

"दोन माइकची घ्यायला पायजे हुती," रविराज माझ्याकडे बघून म्हणाला. ते मला फार लागलं. अरे, दोन माइक असते तरी त्या दोघी एका खोलीत बसल्या असत्या का?

सौम्यानं कापलेल्या जागा होत्या तशा परत ठेवल्या आणि ती पलीकडच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी नागुबाई आल्या. "आक्का आत न्हाय न्हवं?" असं विचारूनच खोलीत शिरल्या. मनुबाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या. सौम्यानं हेडफोन नागुबाईंच्या कानांवर चढवला आणि मी थोरल्या जावेची ओळ धाकटीच्या कानात सोडली. मग ती ओळभर शांतता आली.

नागुबाई चपापल्या. "माझी जागा ठिवलीया हिनं?" त्या पुटपुटल्या. "पैल्यापास्नं लाव गं परत."

आणि या खेपेला त्यांनी ओळ उचलली:

*माझी थोरली जाऊ गं, तिचं रोप माझ्याकडं.*

गाणं संपल्यावर त्या हेडफोन ठेवून तडक स्वयंपाकघरात गेल्या. माइक चालूच राहिला होता. दोघींचं रडणं अगदी बारीक माझ्यापर्यंत आलं. सौम्यानं ते माझ्या दिव्यावर पाहिलं आणि माइक बंद केला.

दुसऱ्याच दिवशी मनुबाईंना दवाखान्यात दाखल केलं आणि चार दिवसांत ऑपरेशन झालं. गाठ गेली, मनुबाई वाचल्या, आवाज मात्र गेला. हाती एकच गाणं राहिलं.

तिथून माझा तुरुंग सुरू झाला. रविराजनं मला आईच्या ठेवणीतल्या चोळीच्या खणात गुंडाळलं, लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली आईच्या हातात दिली. "आईचा आवाज हाय ह्यात," तो आल्यागेल्याला सांगायचा. अरे बाबा, माझ्यात काही नाही! आवाज कॉम्प्युटरमध्ये आहे, तुझ्या मोबाइलमध्येही आहे. पण मी हे सांगणार कसं? मला दुसऱ्यांचे आवाज नेता येतात, स्वतःचा नाही. आत मिट्ट काळोख आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. खंडेनवमीला तेवढं मला बाहेर काढायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे आणि परत आत. एकदा कुंकवाची चिमूट थेट माइकच्या जागेत सांडली. इतका मान आणि इतकी कोंडी मी कधी मागितली नव्हती.

नागुबाई आता रोज यायच्या. मनुबाईंशेजारी बसून शेंगा फोडत गायच्या. दोघींच्या ओळी त्या एकट्याच म्हणत. कुठं शब्द अडला की मनुबाई ओठ हलवून सांगत. कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू येई, आणि काहीच करता येत नसे. गाणी म्हाताऱ्या माणसांपाशी होती आणि मी खणात गुंडाळलेला होतो. सौम्या एकदा म्हणाली, "धाकट्या आत्तींचं घेऊया की. डबी काढूया."

"नको," रविराज म्हणाला. "आईचा आवाज गेलाय त्यातनं. आता दुसरं काय घालायचं न्हाय. आन् बिघडली तर?"

सौम्यानं हट्ट धरला नाही. आईचा आवाज गेल्यापासून तो किती हळवा झाला होता, ते तिला दिसत होतं.

मग एका सुट्टीच्या दुपारी नागुबाईंनी एक गाणं सुरू केलं आणि पहिल्या ओळीलाच अडल्या. थांबल्या, परत सुरुवात केली, परत अडल्या. मनुबाईंचे ओठही हलले नसावेत, कारण नागुबाई म्हणाल्या, "तुलाबी आठवंना व्हय? गेलं बघ आक्का ते."

कपाटाकडे येणारी पावलं ऐकू आली. मग कुलपात किल्ली फिरली आणि माझ्या अंगावर उजेड पडला. मनुबाईंनी मला उचललं, खण सोडून बाजूला टाकला आणि सौम्यासमोर ठेवलं.

"आई, काय करतीस?" रविराज धावत आला. "तुझा आवाज हाय गं त्यात!"

मनुबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं स्वतःच्या गळ्याला शिवून 'गेला' अशी खूण केली आणि मग नागुबाईंकडे बोट दाखवलं. रविराज आईच्या हातामागे लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्यानं स्वतःच माइक आणून जोडला. त्याआधी सौम्यानं फुंकर मारून माझ्यातलं कुंकू उडवलं, ते सगळं तिच्याच नाकात गेलं आणि ती शिंकत बसली. मनुबाई जावेच्या समोर मांडी घालून बसल्या. नागुबाईंनी तोंड उघडलं आणि माझा दिवा हिरवा झाला.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, ओल लागू देऊ नका, वायर ओढून काढू नका. पण कुलपात घालून आमची पूजा करू नका. तुमच्या घरात कुणी गात असेल, तर त्याच्यासमोर आजच बसा. नागुबाईंची पुष्कळ गाणी मी त्यानंतर पोहोचवली. त्या दुपारी त्या दोघी ज्याला अडल्या, ते गाणं मात्र त्यांना पुन्हा कधीच आठवलं नाही. मी कपाटात होतो तेवढ्यात ते गेलं. आता ते कुणालाच येत नाही.