पहिला नकार

बाबा गेल्यानंतर काही आठवड्यांनी माझा धाकटा भाऊ भिंतीला हात लावून चालायला लागला. आमच्याकडे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला एक लांबट बोळ आहे. त्यातून येताना तो बोटांची टोकं भिंतीवर अलगद टेकवत यायचा, जणू रंग वाळलाय की नाही ते बघतोय. आईला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही तिने ते मनात बाजूला ठेवलं. मी विचारलं, "बारक्या, काय होतंय?"

"कुठे काय. ठीक."

हे 'ठीक' बाबांचं. बाबा पलटणीत जवानांना शिकवायचे, आणि शिकवायचे ते हत्यार नव्हे, मन. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गल्लीतल्या व्यायामशाळेचा मागचा हॉल घेऊन त्यांनी साध्या माणसांसाठी वर्ग सुरू केला. चारचौघांत बोलायला घाबरणारे, गाडी शिकून रस्त्यावर न काढणारे, परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप येणारे, असे सगळे तिथे यायचे. बाबांच्या शिकवण्यात मोठे शब्द नव्हते. डोळे मिटा आणि जे करायचंय ते आधी मनात करून घ्या, घाम येईपर्यंत. ध्येय इतकं लहान करा की त्याला घाबरायची लाज वाटेल. श्वास घेताना घाई झाली तरी चालेल, सोडताना करू नका. आणि ज्यावर त्यांचा सगळा भर असायचा ते असं, की पहिला नकार तुमचा नसतो. तो शरीराचा असतो. शरीर नेहमी आधी बोंब मारतं. त्याला मारू द्या, तुम्ही पुढचं पाऊल टाका.

मी हे खवचटपणे लिहीत नाही. ते लागू पडायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी साहेबासमोर उभ्या राहिल्या की त्यांची वाचा बसायची. त्या आता इतकं बोलतात की साहेबच त्यांना टाळतो, असं त्यांचा नवरा सांगतो. आणि बारक्या! लहानपणी तो गॅलरीच्या कठड्याजवळ जायचा नाही. वाळत घातलेला टॉवेल आणायला सांगितला तर गुडघ्यांवर बसून सरपटत जायचा. तोच आज उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुतो. गच्चीवरून दोर सोडायचा, पट्टे आवळायचे, कठड्यावरून पाठमोरं खाली उतरायचं आणि रबरी पट्टीने काच वरून खाली ओढत जायची. त्याला हे बाबांनी दिलं. एकेक इंच कठड्याजवळ नेऊन दिलं. तो म्हणतो की बाबा नसते तर मी अजून गॅलरीत सरपटत असतो, आणि ते खरंच आहे.

बाबा जिन्यात गेले. लिफ्ट बंद होती, हातात भाजीची पिशवी होती. मधल्या मजल्यावर त्याच वहिनींना ते भेटले, घामाने ओले. त्यांनी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? बसा ना घटकाभर." बाबा म्हणाले, "ठीक आहे. बस, पुढचा मजला." असं ते प्रत्येक मजल्याला स्वतःला म्हणाले असणार, कारण ते आमच्या दारापर्यंत पोचले. तिथे सापडले तेव्हा किल्ली कुलपात घातलेली होती.

भेटायला येणारे म्हणायचे, "दुसरा कोणी असता तर खालीच बसला असता." बारक्या हे वाक्य आल्यागेल्याला सांगायचा, मान ताठ करून. खाली बसले असते तर कदाचित वाचले असते, हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही.

त्या रविवारी जेवताना त्याने बातमी दिली. स्टँडसमोर जो नवा काचेचा टॉवर झालाय, त्याची उत्तरेची बाजू गुरुवारी धुवायची होती. तिथे वारा वेडावाकडा येतो म्हणून जुनी माणसं कुरकुरत होती.

"मुकादम म्हणाला, पहिला दोर तू घे. नीट उतरलास तर टोळी तुझी."

"आणि चक्कर?" मी म्हटलं.

आईचा हात वाढता वाढता थांबला. "कसली चक्कर?"

"काही नाही गं. ताईची आपली एक टेप असते."

"काल आंघोळीला जाताना दाराची चौकट धरून उभा होतास. मान वर केलीस की डोळे मिटतोस. असा तोल कानामुळेही जातो, कानाच्या डॉक्टरकडे चल, उद्याच जाऊ. इतकंच म्हणतेय."

"डॉक्टर लिहून देणार, उंचीवर काम नको. मग मी काय करू? तुझ्यासारखा लोकांच्या पुस्तकांतल्या चुका शोधत बसू?"

"बस की. तुला शुद्धलेखन येत नाही हीच अडचण आहे."

तो हसला. हसताना डोकं मागे गेलं, आणि त्याने झटकन टेबलाची कड पकडली. बोटं पांढरी पडली. मग श्वास सोडला, लांब, सावकाश, अगदी बाबांनी शिकवला तसा. त्याचा चेहरा पुन्हा स्वच्छ झाला. ते बघून मला जास्त भीती वाटली.

"हा पहिला नकार आहे ताई," तो शांतपणे म्हणाला. "बाबा गेल्यावर शरीर बोंब मारणारच. मी रोज डोळे मिटून ती बाजू उतरतोय. मनात एकदाही पाय घसरलेला नाही."

"मनात वारा असतो का?"

"त्याला खचवू नकोस," आई म्हणाली. "बाबांनी किती कष्टाने उभं केलंय त्याला." तिने त्याच्या ताटात भात वाढला. तो आधी नको म्हणाला होता. घरात आता पहिला नकार कोणीच खरा धरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "अहो ताई, सगळ्यांच्या बहिणींना चक्कर येते. तुमचा भाऊ दोरावर असला की मी खाली निवांत चहा पितो."

बुधवारी दुपारी मिशीकाका आले. हे बाबांचे पलटणीतले सोबती. मिशी त्यांनी कधीच काढून टाकली होती, नाव राहिलं होतं. ते लांब राहतात, गुडघे गेलेत, म्हणून उशीर झाला असं म्हणाले. बारक्या कामावर होता. आईने बाबा कसे गेले ते सांगितलं, भाजीच्या पिशवीपासून कुलपातल्या किल्लीपर्यंत. सगळे म्हणतात तसं काका 'पोचलाच अखेर' म्हणतील अशी तिची अपेक्षा होती. ते म्हणाले,

"जिन्यात सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. एकटेच होते."

"मग त्याला थांबवणार कोण?"

आईला प्रश्न कळला नाही. मलाही नाही.

"पोरी," ते माझ्याकडे वळले, "पहिला नकार, पुढचं पाऊल, हे सगळं आम्ही जोडीनेच शिकलो. जोडीशिवाय ते शिकवायचंच नाही, असा नियम. कारण एकदा माणूस असा तयार झाला की त्याचं त्याला कळत नाही कुठे थांबायचं. तो चालतच राहतो. पाय मोडला तरी चालतो. म्हणून मागे दुसरा. तुझा बाप पुढे, मी मागे. मला त्याची चाल बिघडलेली दिसली की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचं नाही, विचारायचं नाही. हात पडला की थांबायचं. कधी तो मला शिव्या घालायचा, पण थांबायचा. ते अंगातच मुरलेलं असतं."

"खांद्यावर? कुठे?"

त्यांनी उठून दाखवलं. मानेच्या जरा खाली, उजवीकडे, पूर्ण पंजा, जड.

मला ती जागा माहीत होती. बाबा बारक्याला पहाटे पळायला न्यायचे, आणि मैदानाच्या टोकाशी तो धापा टाकायला लागला की मागून येऊन तिथेच हात ठेवायचे. वर्गातही एखादा थरथरायला लागला की बाबा त्याच्यामागे जाऊन उभे राहायचे. आम्ही सगळे त्याला शाबासकी समजत होतो. बारक्या तर त्या हातासाठी जीव टाकायचा. बाबांनी नियम मोडला नव्हता. सगळ्यांच्या मागचा माणूस ते स्वतःच होते, फक्त तसं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि त्यांच्या मागे कोणी नव्हतं.

"काका, शब्दाने नाही का थांबत माणूस?"

"शब्दाशी तो वाद घालतो," काका म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी टॉवरवर गेले. पहारेकऱ्याला सांगितलं, भावाचं औषध द्यायचंय. त्याने लिफ्टचं बटण स्वतः दाबलं. शेवटच्या मजल्यावरून एक लोखंडी जिना, मग गच्ची. वर आल्याबरोबर वाऱ्याने ओढणी तोंडावर आणली. गच्ची मोकळी होती. पाण्याच्या टाक्या, दोरांची वेटोळी, साबणाच्या बादल्या, आणि उत्तरेच्या कठड्याशी तीन-चार माणसं. बारक्या पट्टे चढवून तयार होता. डोळे मिटून उभा होता, ओठ हलत होते. मनात उतरत होता.

मुकादमाने मी कोण ते ओळखलं. "आलात? बरं झालं, बघा आता." तो बारक्याला म्हणाला, "काय रे, ताई म्हणतात तुला चक्कर येते. येते का?"

बारक्याने डोळे उघडले. "नाही. ठीक."

"बघा," मुकादम म्हणाला.

"मान वर करायला सांगा त्याला," मी म्हटलं. "नुसतं आभाळाकडे बघायला सांगा."

कोणीतरी हसलं. "आभाळ धुवायचं कंत्राट नाहीये ताई," एक म्हातारा कामगार म्हणाला, पण तो स्वतः हसत नव्हता. तो बारक्याच्या पायांकडे बघत होता. बारक्याचे पाय जरुरीपेक्षा फाकलेले होते, हलत्या बोटीत उभं राहावं तसे.

"ताई, घरी जा," बारक्या म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्याने दोराचा हुक ओढून पाहिला, कठड्यावर चढून बसला आणि एक पाय बाहेर टाकला. आता पाठमोरं व्हायचं, वजन दोरावर द्यायचं. त्यासाठी मान वर जाते, नजर गच्चीच्या वरच्या खांबाकडे जाते. मी हे त्याच्याच तोंडून अनेकदा ऐकलं होतं. तिथे पहिलं वजन टाकताना हात दोरावर शांत लागतात. तिथे झोक गेला तर माणूस दोर सोडून कठडा धरायला जातो, आणि मग खालच्या काचेवर आपटतो.

मी त्याच्या मागे गेले. मला एवढंच माहीत होतं की हा हात कसा पडेल ते मला माहीत नाही. काकांच्या लेखी तो 'थांब' होता. बारक्याच्या लेखी ती शाबासकी होती, आणि शाबासकी मिळालेला माणूस पुढे जातो. त्याच्या अंगात यातलं काय मुरलंय हे बाबांनाच ठाऊक. मी हात ठेवला. मानेच्या जरा खाली, उजवीकडे, पूर्ण पंजा, जितका जड होईल तितका.

तो हसला. मला त्याचं एका बाजूचं गालफड वर सरकलेलं दिसलं, त्यावरून कळलं.

पण तो पुढे गेला नाही. बाहेरचा पाय हवेत तसाच राहिला. पाठ आधी ताठ होती, मग खांद्यापासून खाली एकेक मणका सैल होत गेला, आणि तो थरथरायला लागला. इतका वेळ ते थरथरणं त्याने कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

"काय झालं रे?" मुकादम ओरडला. "उतर की! वारा वाढतोय."

म्हातारा कामगार पुढे आला, त्याने मुकाट्याने बारक्याच्या पट्ट्याचा हुक आतल्या खांबाला अडकवला आणि मुकादमाला म्हणाला, "आज राहू दे. मी जातो." मुकादम तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. त्यात 'टोळी' हा शब्द होता, आणि 'विसर' हाही. दुसरा दोर खाली सुटला. म्हातारा पलीकडून कठड्यावर चढला आणि दिसेनासा झाला.

आता सगळं टळलं असं मला वाटलं. बारक्याचा पाय अजून बाहेरच होता. त्याला आत घ्यावा, घरी न्यावं, म्हणून मी हात सैल केला. लगेच त्याचं वजन पुढे सरकलं. ठरवून नाही, झोपेत कूस बदलतात तसं. हुकाचा दोर ताणला गेला.

मी पुन्हा हात दाबला. तो थांबला.

"ताई," तो खालच्या मानेने म्हणाला, "हात काढू नकोस."

"नाही काढत. तू आत ये."

"येता येत नाहीये. तू हात काढलास की मी जाणार. मला कळतंय की जाऊ नये, पण मी जाणार."

खाली काचेवर रबरी पट्टीचा आवाज सुरू झाला होता. मुकादम पाठ फिरवून फोनवर बोलत होता. माझा हात दुखायला लागला, आधी मनगट, मग कोपर. मी श्वास सोडला, लांब, सावकाश, आणि हात तिथेच ठेवला.