टाकीकडचा रस्ता

"दारातून बाहेर पडलीस. मग डावीकडे वळलीस की उजवीकडे?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"डावीकडे," टेबलावर आडवी झालेली तरुण बाई छताकडे बघत म्हणाली. तिच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. "आमच्या गल्लीचं उजवं तोंड बंद आहे."

"बरं. मग?"

"मग इस्त्रीवाल्याचं दुकान. तिथे हे म्हणाले, रिक्षा करू या. मी म्हटलं, चालतच जाऊ, तेवढाच उशीर होईल..."

"झालं," पायथ्याशी बसलेली डॉक्टर म्हणाली आणि चिमट्यात धरलेली तांबी तिने ट्रेमध्ये ठेवली.

"झालं? निघाली? अहो, मी अजून चौकापर्यंतसुद्धा आले नव्हते!"

"चौकापर्यंत कुणीच येत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि तिच्या मुठी सोडवून त्यांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

ही त्यांची नेहमीची युक्ती होती. तांबी काढायला किंवा बदलायला आलेल्या बाईला त्या अगोदर सगळं सरळ सांगून टाकत. आधी एक साधन आत घालतात, ते गार लागतं, म्हणून मी ते कोमट पाण्याखाली धरते. मग तांबीचा दोरा दिसतो, तो चिमट्यात धरून हळूच बाहेर घेतात. तांबीचे दोन हात असतात ते मिटतात, त्या क्षणी पाळीत येते तशी एक कळ येते आणि जाते. नवी बसवायची असेल तर त्याच बैठकीत बसवतात, त्याला दोन मिनिटं जास्त. एवढं सांगून झालं की त्या बाईच्या उशाशी उभ्या राहून विचारत, "घरून इथपर्यंत कशी आलीस ते सांग." रस्ता आठवता आठवता बाईचं अंग सैल पडे. कुणाची तांबी किराणा दुकानाशी निघे, कुणाची शाळेच्या फाटकाशी. एका बाईची जिन्यातच निघाली होती, तेव्हा तिने "मला वाटलं होतं त्यापेक्षा दवाखाना जवळ आहे" असं म्हणून सगळ्यांना हसवलं होतं.

तरुण बाई कपडे सावरून बसली. तिला दुसरं मूल हवं होतं, म्हणून तांबी काढली होती.

"दोन दिवस थोडे डाग दिसतील. दुखलं तर ही गोळी घे, जेवून घे," सिस्टर म्हणाल्या. "ताप आला, फार अंगावरून गेलं, तर मात्र घरात वाट बघत बसायचं नाही. आणि दिवस म्हणशील तर लगेचसुद्धा राहू शकतात. नंतर म्हणू नकोस, सिस्टरांनी सांगितलं नाही."

ती लाजून हसली. चपलेत पाय घालता घालता तिने सहज विचारलं, "सिस्टर, तुम्ही काढलीय का हो कधी?"

मोठ्या सिस्टर ट्रे आवरायला वळल्या. नेमका तेव्हाच त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो काढून वाचला. 'आपली तांबी काढण्याची किंवा बदलण्याची तारीख उलटून गेली आहे. कृपया लवकरात लवकर दवाखान्यात यावे.'

त्यांनी फोन खिशात टाकला. "तू जा गं आता. बाहेर तो बिचारा दाराकडे डोळे लावून बसला असेल."

सव्वीस वर्षं त्या या खोलीत काम करत होत्या. तांबी बसवलेल्या प्रत्येक बाईचं एक पिवळं कार्ड असे आणि ती कार्डं लोखंडी कपाटातल्या कप्प्यांत असत. ज्या वर्षी तांबी काढायची त्या वर्षाचा कप्पा. वर्ष सुरू झालं की सिस्टर त्या वर्षाचा कप्पा बाहेर काढून एकेका बाईला फोन लावत, रागावत, गोड बोलत, पण तिला आणून टेबलावर झोपवत. या वर्षीच्या कप्प्यात त्यांचं स्वतःचं कार्ड होतं. जानेवारीच्या पहिल्याच कामाच्या दिवशी त्यांनी ते उचललं होतं आणि कुणी बघत नाहीसं पाहून पुढच्या वर्षाच्या कप्प्यात सारलं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपोआप असतो. इथे सिस्टरांनी स्वतःच वात खाली केली होती.

पण गेल्या महिन्यात दवाखान्यात संगणक आला. कार्डं एकेक करून त्यात भरली गेली आणि निरोप आपोआप जायला लागले. संगणकाला कप्पे कळत नव्हते. तो फक्त तारीख वाचत होता.

दुपारी डबा खाताना डॉक्टर म्हणाली, "सिस्टर, तारीख उलटलेल्यांची यादी बघत होते. त्यात एक नाव ओळखीचं निघालं."

"असेल कुणीतरी माझ्याच नावाची."

"पत्तासुद्धा तुमचाच आहे."

सिस्टरांनी डब्याचं झाकण लावलं. ही डॉक्टर चार वर्षांपूर्वी आली तेव्हा चिमट्यात दोरा आला की घाईने ओढायची. तिच्या खांद्याशी उभं राहून सिस्टरांनीच तिला शिकवलं होतं, "ओढायचं नाही डॉक्टर, बोलवायचं. ती येते."

"माझी चाळिशीनंतर बसवलेली आहे," सिस्टर म्हणाल्या. "अशी तांबी पाळी जाईपर्यंत चालते, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"पाळी जाऊन किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"मग?"

"मग काय? आतल्या आत पडून आहे. खायला मागते का ती माझ्याकडे?"

डॉक्टर हसली नाही. "पाळी गेल्यावर वर्षभराने काढून टाकायची, नाहीतर दोरा वर सरकतो, जंतुसंसर्ग होतो, मग काढताना त्रास. हे मला कुणी शिकवलं?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, हे सिस्टरांना स्वतःबद्दलच आठवलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या. "बरं, बरं. आज शेवटची बाई गेली की बघू," म्हणून त्या उठल्या.

भीती दुखण्याची नव्हती. हजारांनी बायका त्यांच्या डोळ्यांसमोर या टेबलावरून उठून चालत घरी गेल्या होत्या. गोष्ट वेगळीच होती आणि ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

त्यांचा नवरा विजेचे मीटर वाचायला जायचा. सिस्टर एक्केचाळीस वर्षांच्या असताना त्यांची पाळी दोन महिने चुकली होती. मुलगी तेव्हा कॉलेजात. दोघांची पाचावर धारण बसली. मग तसं काही नाही हे कळल्यावर दोघं वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहून पोट दुखेपर्यंत हसली. तिथेच त्याने म्हटलं होतं, "आता पुरे. तू सगळ्या गावाला बसवतेस, स्वतःला बसव. मी येतो बरोबर." त्या दिवशी त्याने रजा काढली. सिस्टर रोज दवाखान्यात गल्लीतून पायी यायच्या, दहा मिनिटांत. त्याने मात्र स्कूटर काढली, "आज पेशंट म्हणून चल" म्हणाला. आणि वाटेत त्या घाबरल्यात हे पाठीला कळल्यासारखं बोलला, "दात काढताना मी काय करतो सांगू? माझी गल्ली पहिल्या मीटरपासून मनात चालत जातो. सातव्या घरापर्यंत दात निघालेला असतो. तूही आत गेलीस की घरून निघ."

युक्ती मुळात त्याची होती. सिस्टरांनी ती गेली दहा वर्षं आपली म्हणून वापरली.

तीन वर्षांपूर्वी तो एका इमारतीच्या जिन्यात मीटर वाचता वाचता बसला तो उठलाच नाही. वर्षभरात त्याचे कपडे मुलीने देऊन टाकले. स्कूटर गेली. चष्मा कुणाला बसत नव्हता म्हणून उरला, मग तोही एका पेटीत पडला. दोघांनी मिळून ठरवलेली अशी एकच गोष्ट राहिली होती आणि ती सिस्टरांच्या पोटात होती. तिचं काम त्याच्याबरोबरच संपलं होतं. तरी ती होती. कुणी विचारलं असतं तर सिस्टरांनी कानावर हात ठेवले असते, पण खरं ते एवढंच होतं. ती निघाली की मग काहीच नाही.

शेवटची बाई साडेपाचला गेली. दवाखान्यातल्या मावशींनी ट्रे मांडला, साधन कोमट पाण्याखाली धरलं आणि दार लोटून बाहेर गेल्या. सिस्टर टेबलावर चढल्या. सव्वीस वर्षांत या खोलीचं छत त्यांनी दुसऱ्यांदाच पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. उद्या पुसून घ्यायला हवी.

"सैल सोडा, सिस्टर."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं."

थोडा वेळ गेला. डॉक्टरने दिवा जवळ ओढला. "दोरा दिसत नाहीये. वर गेलाय. बारीक चिमट्याने एकदा बघते. नाही मिळाला तर आज थांबू, सोनोग्राफी करून पुढचं ठरवू."

सिस्टरांच्या मनात आलं, न मिळाला तर बरं. आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

उशाशी कुणी नव्हतं. त्या जागी नेहमी त्याच असत. डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "सिस्टर, घरून इथपर्यंत कशा आलात?"

"रोजची वाट आहे, डॉक्टर. तुम्हाला पाठ आहे."

"तरी सांगा."

सिस्टरांनी डोळे मिटले. "दाराला कुलूप घातलं. ओढून बघितलं. ह्यांना सवय आहे, एकदा ओढून समाधान होत नाही, दोनदा बघतात. मग खाली आलो."

डॉक्टरचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. "मग?"

"मग गल्लीने सरळ यायचं तर ह्यांनी स्कूटर उलटी वळवली. म्हटलं, अहो, इकडे कुठे? तर म्हणाले, गल्लीत खड्डे आहेत, टाकीकडून जाऊ. येताना तुला त्रास नको, तर आत्ताच रस्ता बघून ठेवतो. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, म्हणजे दुप्पट लांब. टाकीपाशी ओल असते, तिथे गार वाटलं. तिथे मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्यात कधी ठेवत नव्हते."

ओटीपोटात एक कळ आली, ओळखीची, आणि ओसरली.

"पुढे सुतारांची दुकानं. भुशाचा वास. मग छापखाना. मग..." सिस्टर थांबल्या. ट्रेमध्ये काहीतरी टेकल्याचा बारीक आवाज झाला होता. तो आवाज त्यांच्याइतका कुणालाच ओळखू येत नसेल. डॉक्टर मात्र 'झालं' म्हणाली नाही.

"छापखान्यापासून पुढे?" डॉक्टरने विचारलं.

सिस्टरांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"पुढे चौक," त्या म्हणाल्या. "चौकात ह्यांनी हात दाखवून एका ट्रकला थांबवलं, आपण जसे काही मोठे साहेब. मग दवाखान्याचं फाटक. स्कूटर सावलीत लावली. माझी पर्स स्वतःकडे घेतली आणि बाहेरच्या बाकावर बसले, दोन्ही हातांनी पर्स मांडीवर उभी धरून. सगळ्या बायकांत एकटे पुरुष. मी म्हटलं, येते. तर म्हणाले, ये, मी आहे."

डॉक्टरने दिवा बंद केला. "पोचलात," ती म्हणाली. "दहा मिनिटं पडून राहा."

सिस्टर पाच मिनिटांत उठल्या. ट्रेमधली तांबी त्यांनी एकदा पाहिली. बोटाच्या एका पेराएवढी, थोडी काळपट, इतर बायकांच्या असतात तशीच. सव्वीस वर्षांत हजारदा त्यांनी इतरांच्या टाकल्या तशीच ही डब्यात टाकली आणि कार्डावर आजची तारीख घातली. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

"कुणी न्यायला आलंय का?" डॉक्टरने विचारलं. हा प्रश्न सिस्टर रोज इतरांना विचारत.

"मी काय लहान आहे?" म्हणत त्यांनी दार उघडलं.

बाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या. त्यांची सुटी पाचलाच होते. सिस्टरांची पर्स त्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी उभी धरलेली.

"तुम्ही गेला नाहीत घरी?" सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, बाहेर कुणीतरी असावं म्हणून." मावशींनी पर्स पुढे केली. "दुखतंय का फार?"

"नाही हो. थोडं."

दोघी फाटकाबाहेर आल्या. मावशी सवयीने गल्लीकडे वळल्या.

"इकडून नको," सिस्टर म्हणाल्या. "टाकीकडून जाऊ."

"तो केवढा लांब पडतो!"

"पडू दे," सिस्टर म्हणाल्या आणि सावकाश चालू लागल्या.