कारंज्याच्या पायऱ्या

"माझ्या बोअरला या जन्मात कुणी बोट लावू शकत नाही," तोफबाईंनी परिषदेच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "झाकण लोखंडी, कुलूप पितळी, किल्ली एकच, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात खुंटीला. आता आपल्याच घरात चोर निघाला तर गोष्ट वेगळी!"

सगळे हसले. सर्वात मोठ्याने हसला तो धाकटा दीर. हा समारंभांची सजावट करायचा आणि परिषदेचं कामही त्यालाच मिळालं होतं. हसता हसता त्याची नजर खुंटीवर गेली.

"पण वहिनी, आहे का हो पाणी त्यात? की नुसतंच कुलूप?"

"नुसतंच कुलूप?" तोफबाईंचा घास हातातच राहिला. "अरे, या अख्ख्या भागात एवढ्या वर पाणी दुसऱ्या कुठल्या बोअरला असेल तर दाखव मला!"

"वा," दीर म्हणाला. "मग प्रश्नच मिटला."

कुठला प्रश्न, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला गाडी खाली येऊन उभी होती.

'तोफ' हे नाव त्यांना ऑफिसनं पाठीमागे ठेवलं होतं, आणि त्याचं कारण तो बोअर. पावसाचं नाव नाही असा मुलूख. ज्याला त्याला भोक पाडून पाणी उपसायची घाई. त्यात त्यांच्या भूजल संस्थेच्या मागच्या आवारातला हा एकच बोअर असा होता की त्यातून कुणी तांब्याभर पाणी काढायचं नाही. फक्त बघायचं. आत वायरीला सेन्सर लटकवलेला, तो दर थोड्या वेळानं पाण्याची पातळी कळवायचा. बाहेर लोक उपसतायत त्याचा खाली जमिनीत काय परिणाम होतोय, हे सांगणारा सगळ्या पंचक्रोशीत तो एकटाच साक्षीदार. तोफबाईंच्या लग्नाआधीपासून त्याच्या पातळीची रेघ चालू होती. त्याच्या आसपास कुणी बादली घेऊन फिरकलं तरी त्या खिडकीतून अशा काही गरजायच्या की माळी झाडांना पाणी घालायचंच सोडून द्यायचा.

आता पाच देश मिळून कोरड्या प्रदेशांतल्या भूजलावर एकत्र नजर ठेवणार होते. त्यासाठी इथला एक बोअर निवडायचा होता. निवड झाली की भोवती कुंपण, आणि अर्ध्या किलोमीटरमध्ये पंप बसवायला बंदी. नाही झाली, तर संचालकांनी तो बोअर नव्या गेस्टहाऊसला जोडायचं ठरवूनच टाकलं होतं. नळाची तोंडं सुद्धा आणून ठेवली होती मेल्यानं, सोनेरी.

सकाळी तोफबाई संस्थेच्या दारात उतरल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल जिथे धूळ होती तिथे हिरवळ. गुंडाळ्या आणून अंथरलेली, ओलीचिंब. मधोमध कारंजं! वर फलक: 'थेंब थेंब वाचवू'.

"अरे, शरम आहे की नाही?" त्या दिरावर कडाडल्या. "पाण्याच्या दुष्काळावर परिषद, आणि दारात कारंजं? पाहुणे काय म्हणतील, यांना जास्तच झालंय!"

"साहेबांचीच फर्माईश आहे हो. आणि टँकरचं पाणी आहे, वहिनी," दीर हिरवळीकडे बघत म्हणाला. "मी काय घोडं मारलंय?"

संचालक तेवढ्यात हात पुढे करून आले. "मॅडम, पाहुण्यांना प्रसन्न वाटलं पाहिजे. एकेक गाडी आली की कारंजं सुरू करायचं, आत गेले की बंद. बचतच आहे की!"

यांच्या अकलेचे तारे मोजत बसायला वेळ नव्हता. तोफबाई दात ओठ खात हॉलमध्ये गेल्या. कॉलरला माईक लावून घेतला, पडद्याची जोडणी तपासली. मागच्या काचेच्या खोलीत दुभाषे बसले होते, पाहुण्यांच्या कानांत त्यांचे आवाज. पुढच्या रांगेत पाच देशांचे पाच शास्त्रज्ञ. त्यांतला उंच प्रोफेसर निवड समितीचा प्रमुख होता. त्याच्या पुढ्यात पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीतून एकेक घोट घेतलेला.

"या बोअरचा इतिहास म्हणजे एक शांत रेघ," तोफबाईंनी सुरुवात केली. "ती वर्षानुवर्षं हळूहळू खाली जाते आहे, आणि तेच आपलं दुःख आहे. पण ती कधी उडी मारत नाही, कारण या बोअरला कुणी हात लावत नाही. हे पाहा, आत्ताची पातळी. थेट."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर रेघ आली. काल संध्याकाळपर्यंत सरळ, आणि मग कड्यावरून ढकलून दिल्यासारखी खाली. रात्रभर खाली. सकाळी जरा सावरली, आणि मग पायऱ्या पायऱ्यांनी पुन्हा खाली. नीट, सुबक पायऱ्या.

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली.

"या पायऱ्या कसल्या?" उंच प्रोफेसरनं विचारलं.

तोफबाईंनी पायऱ्या पाहिल्या. पाच होत्या. समोरच्या रांगेत पाच पाहुणे होते. बाहेर त्याच क्षणी एक गाडी थांबली, उशिरा आलेल्या कुणा अधिकाऱ्याची, आणि फुस्स करून कारंजं उडालं. पडद्यावरच्या रेघेनं सहावी पायरी उतरायला घेतली.

तोफबाई व्यासपीठावरून उतरल्या आणि मागच्या दारानं थेट आवारात गेल्या. झाकण उघडं. कुलूप गवतावर पडलेलं. बोअरच्या तोंडातून पाईप, विजेची वायर आणि लाल-पिवळा नायलॉनचा दोर बाहेर आलेला. मांडव बांधायचा दोर. बाजूला दीर उभा, बोटात खुंटीवरची किल्ली फिरवत.

"गाढवा!"

कॉलरचा माईक चालूच होता. हॉलमध्ये चारी दिशांनी 'गाढवा' दुमदुमलं. काचेच्या खोलीतल्या दुभाष्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पगार घेतात त्याला जागून भाषांतर सुरू केलं.

"घरातून किल्ली चोरलीस?"

"चोरली कसली? आईला सांगून नेली. टँकर आलाच नाही हो! साहेब म्हणाले, हिरवळ पिवळी दिसली तर बिल विसरा. तुम्हीच काल म्हणालात, भरपूर पाणी आहे."

"बघायला आहे, मूर्खा! उपसायला नाही! इतकी वर्षं मी त्याला तहान लागल्यासारखी नुसती बघत बसले, आणि तू गवताला घातलंस? गवताला? ते विकतचं गवत, उद्या गुंडाळून परत नेणार तू! आणि तो तुझा साहेब, खुर्चीत बसलेला ढोल..."

हॉलमध्ये एका दुभाष्यानं 'ढोल'ला योग्य प्रतिशब्द शोधायला वेळ मागून घेतला. पाहुणे मान हलवून लिहून घेत होते. संचालक टाळ्या वाजवून आवाज दाबायचा प्रयत्न करत होते. त्यांना पाहून सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

मग पाचही शास्त्रज्ञ बाहेर आले. उंच प्रोफेसरनं बोअरमध्ये वाकून पाहिलं. तोफबाईंचा चेहरा पाहिला. तो माणूस वाईट नव्हता.

"पंप आत्ता बाहेर काढा," तो म्हणाला. "सेन्सर चालू राहू दे. संध्याकाळच्या बैठकीपर्यंत पातळी सावरताना दिसली, तर हा एका रात्रीचा अपघात म्हणून आम्ही बाजूला ठेवू. बाकीची रेघ आम्हाला मान्य आहे."

तोफबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. "ऐकलंस? काढ," त्या दिराला म्हणाल्या. "आणि हळू."

पाईप आणि विजेची वायर सांध्यातून सुटून आधीच वर आली. पंप आता नुसत्या दोरावर होता. दिरानं ओढायला घेतला. एका शास्त्रज्ञाचं मत पडलं की दोर सरळ वर ओढावा. दुसऱ्याच्या देशात तो आडवा ओढत. तिसऱ्यानं कप्पी लावायचा आग्रह धरला, चौथ्यानं त्यावर उपसमिती नेमायला सुचवलं. पाचवा नुसताच हातमोजे घालून तयार होता.

"अहो, बाजूला व्हा! एकट्याला ओढू द्या त्याला!" तोफबाई ओरडल्या.

पण संचालकांना त्या दोरात भलतंच काहीतरी दिसलं होतं. "मॅडम, पाच देश, एक दोर! याहून मोठं सहकार्य कोणतं? फोटोग्राफर कुठाय?"

पाची देशांनी दोर धरला. संचालक मधोमध घुसले. पंप वर येऊ लागला, दोर बोअरच्या लोखंडी काठावर घासत होता. पंपाचं डोकं दिसायला लागलं, सेन्सरची वायर त्याला गुंडाळली गेली होती.

"आला! धरा!" तोफबाई धावल्या.

"एक मिनिट," फोटोग्राफर म्हणाला. "साहेबांचे डोळे मिटले. जरा खाली सोडून परत ओढा ना."

"खबरदार!" तोफबाई किंचाळल्या. आत दुभाष्यांनी ते सगळ्या भाषांत चोख सांगितलं. पण ऐकणारे सगळे बाहेर होते, कानांतले आवाज टेबलावर काढून.

त्यांनी सोडला. मग सगळ्यांनी हसून ओढला.

दोर लोखंडी काठावर तुटला. पंप सेन्सर आणि त्याची वायर घेऊन बोअरच्या तळाशी गेला. हॉलमधल्या पडद्यावरची रेघ तिथे थांबली.