कपाळावरचं प्रश्नचिन्ह

साहेब, धरण फुटणार ही अफवा तुम्ही पसरवलीत. हात तेवढे माझे होते.

तुमच्या वाहिनीवर बातम्यांच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत उभी राहून बहिऱ्या लोकांसाठी खुणा करणारी बाई म्हणजे मी. तुम्ही केबिनमध्ये बोलावून मला विटलेल्या पडद्याकडे बघावं तसं न्याहाळलंत. "कपाळावर आठ्या, गालांत खड्डे. लोकांना वाटतं, जगात सगळं वाईटच चाललंय."

"बातम्याच तशा असतात, साहेब."

"वाद नको. काहीतरी एक टोचून घ्या, नाहीतर ती चौकट दुसरीला देतो."

मुख्य निवेदकाचं कपाळ नांगरलेल्या रानासारखं आहे. त्याला तुम्ही अनुभव म्हणता.

क्लिनिकमध्ये धाकटा भाऊ सोबत होता. तो जन्माचा बहिरा. माझे हात, चेहरा, ओठ वाचतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि किडकी वांगी निवडावीत तसा माझा चेहरा निवडायला घेतला. बोटॉक्सनं कपाळाचे स्नायू ढिले पडतात, आठ्या जातात, तीन-चार महिने बघायला नको. फिलर म्हणजे भरणा, गालांत आणि ओठांत जेल भरायचं, ते जास्त टिकतं. "ओठांना जरा उठाव दिला ना, की तुम्ही ओळखू येणार नाही!"

भावानं लगेच खूण केली: ओठ नको. गांधीलमाशी चावल्यासारखे ओठ मी कसे वाचू? वर म्हणाला, दुसरी नोकरी बघ, ताई.

दुसरी काय झाडाला लागलीय?

मग उरलं कपाळ. मी बाईंना म्हटलं, "भुवया हलत्या ठेवा. आमच्या भाषेत 'धरण फुटेल' आणि 'धरण फुटेल का' यांना हातांची खूण एकच. भुवया वर गेल्या की प्रश्न." बिल वाहिनी भरणार, म्हणून बाईंनी तुम्हाला फोन लावला. तुमचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू आला, "पूर्ण गुळगुळीत करा. प्रश्न विचारायला आमचा निवेदक आहे."

आणि मीही मुकाट्यानं कपाळ पुढे केलं.

दोन आठवड्यांत कपाळाला इस्त्री झाली. मेकअपवाली म्हणाली, "ताई, यावरून माशी घसरेल हो!" मी मान पुढे काढून प्रश्न कसेबसे भागवत होते. मग धरणाची पातळी वाढली. थेट प्रक्षेपणात निवेदकानं अभियंत्याला घाईघाईनं विचारलं, "धरण फुटेल का?" माझे हात धावले, मान पुढे काढायला सवड मिळाली नाही. आतून भुवयाही उचलल्या होत्या, बाहेर काही हललं नाही. अभियंता 'नाही' म्हणायला तोंड उघडतो तोच तुम्ही साबणाची जाहिरात लावलीत.

बहिऱ्यांना दिसलं ते एवढंच: धरण फुटेल. मग फेस.

भावानं आईला पाठीवर घेतलं आणि टेकडीकडे पळत सुटला. आई पाठीवरून ओरडतेय, "अरे मेल्या, कुठं नेतोस? थांब!" ऐकणार कोण? त्याला पळताना बघून धरणाखालच्या आमच्या वस्तीतली आणखी बहिरी घरं निघाली. चढावर त्याचा पाय सरकला. आईचं मनगट मोडलं. पाठीवर बसून ओरडण्याचं ती अजून हसत सांगते, पण हाताचं विचारलं की तो पदराखाली घेते.

आणि आज तुम्ही मला पुन्हा केबिनमध्ये उभं केलंत. "उद्या कॅमेऱ्यासमोर माफी मागा. म्हणा, माझा हात चुकला." वर, "गालांचंही उरकून घ्या."

हात चुकलेला नाही. वीस वर्षांत चुकला नाही, आणि चुकला असं मी सांगणार नाही. चौकट हवी तिला द्या. प्रश्न कुणी पुसला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आत्ता मी भुवया उंचावतेय, पण तुम्हाला दिसायचं नाही. तेव्हा तोंडानं विचारते, शेवटी 'का' लावून: उद्या माफी मागायला त्या कॅमेऱ्यासमोर तुम्ही उभे राहणार का?

नुसती मान हलवू नका. बोला, आणि ओठ नीट हलवून बोला. दारात माझा भाऊ उभा आहे.