पाहुण्याची ताटली

रादेकचं कौतुक मला सांगू नका. डब्लिनला नोकरीला गेल्यापासून त्याचं एकच पालुपद, "आई, विमानाने जेमतेम तीन तास. तू हाक मार, मी आलोच." दोन हजार किलोमीटर अंतर त्याने तोंडानेच कापून टाकलं. घरी यायचं मात्र दर वर्षी राहून गेलं.

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे, पांढरी, निळ्या काठाची. पोलंडमधल्या झेशूफ गावच्या गेनोवेफाच्या, म्हणजे रादेकच्या आईच्या, लग्नात आम्ही सहा बहिणी या घरात आलो. बाकीच्या रोज राबल्या, त्यांचे टवके उडाले, काही फुटल्या. मला कुणी हात लावायचं नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे एक ताटली जास्तीची मांडतात, अवचित दार वाजवणाऱ्या पाहुण्यासाठी. तो मान माझा. बहिणींमध्ये बीटचं गरम सार पडायचं, मासा पडायचा. मी आपली कोरडी, ताठ. पाहुणा कधी आलाच नाही. एकदा तरी माझ्यात कुणी जेवावं, एवढीच माझी आस.

गेनोवेफाचा नवरा गेला. फळीवर आम्ही तिघी उरलो: तिची ताटली, रादेकची आणि मी.

या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, पुढच्या वर्षीच्या नाताळाचा भरवसा धरू नका. तिने ते रादेकला कळू दिलं नाही. दया मागून पोराला बोलावणारी ती बाई नव्हे. नाताळच्या त्या जेवणाआधी कागदासारखी पातळ पोळी एकमेकांच्या हातातून मोडून खायची असते. ती एकदा पोराबरोबर मोडायची, एवढंच तिला हवं होतं.

"या वर्षी ये रे," फोनवर ती म्हणाली.

"येतो ना! डब्लिन काय चंद्रावर आहे?"

शेजारचे झेनोन हसले. "गेनोवेफाबाई, माझा पोरगा पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याला यायला तीन वर्षं लागतात!"

"तुमच्या हातचा चहा प्यायला कोण धावत येईल?" ती म्हणाली. तेव्हा ती खुशीत होती.

नाताळच्या तोंडावर रादेकचं पाकीट आलं. कामातून सुटका नाही, पोळी पाठवतोय, माझ्या नावाने मोड. संध्याकाळी पहिला तारा दिसला तशी तिने आम्हा तिघींना मांडलं आणि पाकीट माझ्यात उपडं केलं. टपालात पोळीचा भुगा झाला होता. मोडायला काही उरलंच नव्हतं. सार निवून गेलं, ती जेवली नाही.

फेब्रुवारीत रादेक दारात उभा राहिला. "बघ आई, तीन तास! डोळा लागला, उघडला, तर घर!" आई किती वाळली आहे, हे त्याला दिसलं नाही. सवयीने त्याने फळीवरची आपली ताटली काढली.

गेनोवेफाने ती त्याच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली. मला उचललं, पुसलं, त्याच्यापुढे मांडलं. माझ्यात पहिल्यांदा गरम सार पडलं. मित्रांनो, जन्मभराची आस अशी फिटणार होती, तर मी कोरडीच बरी होते. तुमची कुणी वाट पाहत असेल, तर त्याला तास मोजून दाखवू नका. जाऊन त्याच्यापुढे बसा.

"आई, ही तर पाहुण्याची ताटली," रादेक म्हणाला.

"हो," गेनोवेफा म्हणाली. "पाहुण्याला या घरातून उपाशी धाडत नाहीत. जेव. माझा मुलगा यायचा होता, तो काही आला नाही."