शपथेच्या हंड्यातली स्टर्जन

शपथेच्या हंड्यात बोकडाचं हृदय पडलं आणि सगळं गाव अडून बसलं.

चूक तुआची. तो पांगचा धाकटा भाऊ, हांग कुळातला. हाताला चव आहे, पण तोंड सुरू झालं की हात काय करतोय याचा पत्ता नसतो. गप्पांच्या भरात त्यानं आतडी, फुप्फुस आणि हृदय एकदमच चिरून हंड्यात लोटलं. हांगांना त्याचं काही नाही. गियांग कुळाचे लोक मात्र हृदय खात नाहीत, ते शिजलेल्या हंड्यातला रस्साही जिभेला लावत नाहीत. आणि गावातली निम्मी घरं गियांगांची. पांग त्यांचीच सून. नवरा गेल्यावरही तिनं ते पाळलं होतं.

वर्षाच्या सुरुवातीला सगळी घरं एकाच जिवाचं मांस खातात आणि वरच्या जंगलाला कुऱ्हाड लावणार नाही अशी शपथ बोलतात. ज्यानं खाल्लं तो बांधला गेला, ज्यानं खाल्लं नाही त्याला वर्षभर कुणी अडवू शकत नाही. दिवस बदलत नाही, आणि त्या दिवशी चार पायांचा दुसरा जीव मारत नाहीत. कोंबडी घराघराला पुरायची नाही.

"आमचं नशीबच फुटकं, काकी," लेन्ह म्हणाला. हा पांगच्या नवऱ्याचा पुतण्या. चेहरा पाडून बसला होता, पण आतून खूश होता. वरचं रान मोकळं करून तिथं शहरासाठी फुलं लावायची, हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं. "पुढच्या वर्षी खाऊ की."

पुढच्या वर्षी ओढा असेल तर ना, पांगच्या मनात आलं. सीमेपलीकडून आलेल्या पूर्वजांनी मक्यासाठी हाच डोंगर जाळला होता. ओढा आटला, तान्ही पोरं गेली. मग त्याच लोकांनी रोपं पाठीवर वाहून जंगल पुन्हा उभं केलं आणि ही शपथ घातली. पांगला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

"माझ्या टाकीतली मोठी स्टर्जन घ्या," ती म्हणाली.

शपथ सांगणाऱ्या लू आजोबांनी भुवया चढवल्या. "मासा? अगं, तो परमुलखातला."

"आपण कुठले, आजोबा? तुमचे वडील घोड्यावरून आले, ही पाण्याच्या पिशवीतून आली. आली तेव्हा बोटाएवढी होती. अंगावर चढलंय ते सगळं याच ओढ्याचं."

"सगळ्यांना पुरेल?"

"उचलायला चौघं पाठवा."

लोक हसले. आजोबाही हसले, आणि मान डोलावली.

तुआचा चेहरा मात्र उतरला. टाकीपाशी तो म्हणाला, "ताई, हिला नको. हिच्या पोटात अंडी आहेत. पिल्लं गावातच होतील म्हणून इतकी वर्षं थांबलीस ना?"

"बाकीच्या लहान आहेत. त्यातल्या एकीत गाव भागणार नाही. धर शेपटी."

ती कमरेएवढ्या गार पाण्यात उतरली. पाठीवर हाडांच्या ढाली असलेली ती लांब नाकाची मासळी ओळखीच्या हाताला निमूट आली. पांगला रडू फुटलं. तिनं डोळे पुसलेही नाहीत.

तुआनं दुसरा हंडा चढवला. पांगनं सगळ्यांदेखत मासळीचं हृदय बाहेर काढून पानावर ठेवलं आणि भावापुढे सरकवलं. "हे तू खा. तेवढा वेळ तरी गप्प बसशील."

वाट्या भरल्या. आधी हांगांची, मग गियांगांची घरं एकेक करून जेवली, बोलली, उठली. शेवटी उरला लेन्ह.

"काकी, माझं पोट जरा..."

"रस्सा घे. पोटाला बरा असतो."

अख्खं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. त्यानं वाटी घेतली आणि तिच्यात पाहतच राहिला. रश्शात अंड्यांचे काळे दाणे तरंगत होते.

"अंडीपण घातलीस?"

"हृदय सोडून एका जिवाचं सगळं एका हंड्यात. मागे काय ठेवायचं?"

लेन्हनं वाटी तोंडाला लावली, रिकामी केली, आणि जंगलाचे शब्द पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," लू आजोबा म्हणाले.

त्यानं ते पुन्हा म्हटले, या खेपेला मोठ्यानं. पांग ताठ बसून ऐकत होती. तिच्या टाकीतली मोठी गेली होती, आणि गावात त्या दिवशी तिच्याइतकं श्रीमंत कुणी नव्हतं.